विश्लेषण : २०३० पर्यंत ‘शून्य भूक’ शक्य आहे का? तीन डॉलरची रेषा, आटलेली मदत आणि महाराष्ट्राच्या रोजगार हमीचा धडा

जगातील ८० कोटींहून अधिक माणसे आजही दिवसाला तीन डॉलरपेक्षा कमी खर्चात जगत आहेत. सुमारे ६७ कोटी लोकांना पुरेसे अन्न मिळत नाही. हे दोन्ही आकडे २०३० पर्यंत शून्यावर आणू, असे वचन संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांनी २०१५ मध्ये दिले होते. मुदत जवळ येत असताना मदतीचा ओघ मात्र आटला आहे. गरिबी आणि भूक मोजतात कशी, आजवर काय साधले, घोडे कुठे अडले आणि महाराष्ट्राच्या अनुभवातून यात शिकण्यासारखे काय आहे, याचा आढावा.

वचन नेमके काय होते?

सप्टेंबर २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ‘सहस्रक विकास उद्दिष्टे’ स्वीकारली. त्यातले पहिलेच उद्दिष्ट होते, १९९० च्या तुलनेत २०१५ पर्यंत अतिगरिबांचे प्रमाण निम्म्यावर आणणे. जागतिक बँकेच्या हिशेबानुसार हे उद्दिष्ट मुदतीच्या पाच वर्षे आधी, म्हणजे २०१० मध्येच गाठले गेले. हुरूप वाढला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये जगाने त्याहून मोठी उडी घ्यायचे ठरवले. ‘शाश्वत विकास उद्दिष्टे’ या नावाने १७ उद्दिष्टे निश्चित झाली. पहिले गरिबी संपवण्याचे, दुसरे भूक संपवण्याचे. या वेळी शब्द ‘निम्मी’ असा नव्हता. अतिगरिबी आणि भूक पूर्णपणे संपवायची, असे ठरले.

हे वचन कायद्याने बांधील नाही. ते पाळले नाही म्हणून कोणत्याही देशाला दंड होत नाही. त्यामुळे ते पाळले जाते की नाही हे कळण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे मोजणी.

तीन डॉलरची रेषा कुठून आली?

‘दिवसाला एक डॉलर’ हे शब्द अनेकांच्या कानावरून गेलेले असतात. जागतिक बँकेने १९९० च्या विकास अहवालात ही रेषा वापरली. पुढे किमती आणि आकडेवारी बदलत गेली, तशी रेषाही बदलली. २००८ मध्ये ती १.२५ डॉलर झाली, २०१५ मध्ये १.९०, २०२२ मध्ये २.१५ आणि जून २०२५ मध्ये तीन डॉलर.

ही रेषा वॉशिंग्टनमध्ये बसून मनाने आखलेली नसते. जगातील सर्वांत गरीब देशांनी आपापल्या राष्ट्रीय दारिद्र्यरेषा ठरवलेल्या असतात. त्या लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावल्या की मधोमध येणारा आकडा हा जागतिक अतिगरिबीचा मापदंड मानला जातो. म्हणजे गरीब देश स्वतः ज्याला किमान जगणे म्हणतात, तेच जगाचे किमान.

इथे एक गफलत हमखास होते. तीन डॉलर म्हणजे बाजारातील विनिमय दराने अडीचशेच्या वर रुपये, असा गुणाकार केला जातो. तो चुकीचा आहे. न्यूयॉर्कमध्ये एका डॉलरमध्ये जे मिळते, त्याहून कितीतरी जास्त वस्तू आणि सेवा तेवढ्याच पैशांत सोलापुरात किंवा साताऱ्यात मिळतात. केस कापणे, चहा, घरभाडे, एसटीचे तिकीट यांची किंमत देशागणिक वेगळी असते. म्हणून अर्थतज्ज्ञ ‘क्रयशक्ती समानता’ म्हणजे पीपीपी वापरतात. २०१७ च्या जागतिक किंमत पाहणीचे उदाहरण घेता येईल. त्या वर्षी बाजारात डॉलरला सुमारे ६५ रुपये पडत होते. पण अमेरिकेत एका डॉलरला मिळणाऱ्या गोष्टी भारतात घ्यायला सरासरी २० रुपये ६५ पैसे पुरत होते. या पद्धतीने तीन डॉलरची रेषा २०२१ च्या किमतींत साधारण साठ-सत्तर रुपयांच्या आसपास येते. त्यात एका माणसाचे दिवसाचे अन्न, कपडे, निवारा, औषध, प्रवास असे सगळे भागवायचे. स्वतः पिकवून खाल्लेल्या धान्याची किंमतही त्यात धरलेली असते.

रेषा वर गेली म्हणजे गरीब वाढले का?

रेषा २.१५ वरून तीन डॉलरवर नेल्यामुळे २०२२ मधील अतिगरिबांची जागतिक संख्या ७१ कोटी ३० लाखांवरून ८३ कोटी ८० लाख झाली. एका सुधारणेने कागदावर साडेबारा कोटी गरीब वाढले. २०२५ साठीचा अंदाज ८० कोटी ८० लाखांचा, म्हणजे लोकसंख्येच्या ९.९ टक्के आहे.

याचा अर्थ जगणे एका रात्रीत खालावले असा नाही. पश्चिम आफ्रिकेसह अनेक गरीब देशांनी घरखर्चाच्या पाहण्या सुधारल्या आणि त्यातून त्यांच्या राष्ट्रीय रेषा वर गेल्या. जी माणसे आधीही तेवढ्याच हलाखीत होती, ती आता मोजणीत आली.

भारताच्या बाबतीत दोन बदल एकाच वेळी झाले. रेषा वर गेली, त्याचबरोबर २०११-१२ नंतर प्रथमच घरगुती खर्चाच्या पाहणीचे अधिकृत आकडे हाती आले. २०२२-२३ च्या या पाहणीची पद्धतही बदलली होती. रोजचा भाजीपाला, दूध यांचा खर्च सात दिवसांच्या आठवणीवर, तर कपडे आणि टिकाऊ वस्तूंचा खर्च वर्षभराच्या आठवणीवर विचारला गेला. त्यामुळे आधी सुटून जाणारा खर्च नोंदवला गेला. तीन डॉलरच्या रेषेने मोजल्यास भारतातील अतिगरिबी २०११-१२ मध्ये २७.१ टक्के होती, ती २०२२-२३ मध्ये ५.३ टक्क्यांवर आली. संख्येत सांगायचे तर ३४ कोटी ४५ लाखांवरून ७ कोटी ५२ लाख. दोन पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या असल्याने घट नेमकी किती, यावर अर्थतज्ज्ञांत वाद आहे. घट मोठी आहे, याबद्दल मात्र फारसे दुमत नाही.

गरिबी मोजण्याचा महाराष्ट्राशी संबंध काय?

हा संबंध जुना आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेल्या दादाभाई नौरोजी यांनी १८७० च्या दशकात भारतीय माणसाला जगायला किमान किती लागते, याचा हिशेब मांडला. त्यासाठी त्यांनी तुरुंगातील कैद्यांना दिल्या जाणाऱ्या शिध्याची किंमत आधाराला घेतली. कैद्याला सरकार जेवढे खायला घालते तेवढेही सामान्य रयतेच्या वाट्याला येत नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

त्यानंतर १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला २२५० कॅलरी मिळतील एवढे अन्न घ्यायला ज्याची ऐपत आहे, त्याचा एकूण खर्च ही त्यांनी रेषा मानली. १९६०-६१ च्या किमतींत ती ग्रामीण भागात दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये होती. त्या हिशेबाने ग्रामीण भागातील ४० टक्के आणि शहरांतील ५० टक्के लोक रेषेखाली होते. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने ही पद्धत बदलून आरोग्य आणि शिक्षणावरचा खर्चही हिशेबात घेतला. तेंडुलकर रेषेने २०११-१२ मध्ये देशात २१.९ टक्के गरीब होते. त्यानंतर रंगराजन समितीने वेगळी रेषा सुचवली, पण केंद्राने नवी अधिकृत दारिद्र्यरेषा आजवर जाहीर केलेली नाही. नीती आयोग आता पैशांऐवजी पोषण, शाळा, स्वयंपाकाचे इंधन, शौचालय, बँक खाते अशा निकषांवर ‘बहुआयामी गरिबी’ मोजतो. त्यानुसार २०१३-१४ ते २०२२-२३ या काळात २४ कोटी ८२ लाख लोक गरिबीतून बाहेर आले.

भूक कशी मोजतात?

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, म्हणजे एफएओ, दरवर्षी इतर चार संस्थांसोबत भुकेचा अहवाल काढते. देशात किती धान्य पिकले, किती आयात-निर्यात झाली, किती वाया गेले यावरून प्रत्येकाच्या वाट्याला किती ऊर्जा येते याचा अंदाज बांधला जातो. मग ती उपलब्धता श्रीमंत-गरिबांत कशी वाटली जाते हे पाहून, किमान गरजेपेक्षा कमी खाणाऱ्यांचे प्रमाण काढले जाते. याखेरीज ‘गेल्या वर्षभरात पैशांअभावी जेवण चुकवावे लागले का’, ‘दिवसभर काहीच खाल्ले नाही असे झाले का’ असे आठ प्रश्न विचारून केलेली पाहणीही असते.

जुलै २०२५ मधील अहवालानुसार २०२४ मध्ये जगातील ६७ कोटी ३० लाख लोक उपाशीपोटी होते, म्हणजे ८.२ टक्के. २०२२ मध्ये हे प्रमाण ८.७ टक्के होते. आशियात परिस्थिती सुधारली आहे. आफ्रिकेत मात्र दर पाच माणसांमागे एक उपाशी आहे. हाच वेग राहिला तर २०३० मध्येही ५१ कोटी लोक भुकेले राहतील आणि त्यातील सुमारे ६० टक्के आफ्रिकेत असतील.

भारतात २०२२ ते २०२४ या काळात १२ टक्के, म्हणजे सुमारे १७ कोटी लोक पुरेसे अन्न न मिळणाऱ्यांत मोडतात, असा या अहवालाचा अंदाज आहे. इथे प्रश्न फक्त धान्याचा नाही. अन्नसुरक्षा कायद्याखाली सुमारे ८१ कोटी लोकांना मोफत धान्य मिळते. पण पोट भरणे आणि पोषण होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती आणि २५.६ टक्के बालकांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते. हा दुसरा आकडा देशाच्या १९.३ टक्के सरासरीहूनही जास्त आहे. मेळघाट आणि नंदुरबारची नावे दर पावसाळ्यात बातम्यांत येतात, त्यामागे हेच आहे.

‘दुर्भिक्ष’ कधी जाहीर होते?

मराठीत पाऊस न पडणे आणि अन्नावाचून माणसे मरणे, दोन्हींना दुष्काळच म्हणतात. आपल्याकडे सरकार पाऊसमान, पीकस्थिती, पैसेवारी पाहून दुष्काळ जाहीर करते. जागतिक पातळीवर अन्नावाचून होणाऱ्या मृत्यूंच्या टप्प्याला, म्हणजे दुर्भिक्षाला, वेगळे निकष आहेत. ‘आयपीसी’ नावाची पद्धत २००४ मध्ये सोमालियासाठी तयार झाली आणि आता अनेक देशांत वापरली जाते. तिच्या पाच पायऱ्या आहेत. शेवटची पायरी दुर्भिक्षाची.

त्यासाठी तीन कसोट्या आहेत. किमान २० टक्के कुटुंबांकडे खायला जवळपास काहीच नसणे, पाच वर्षांखालील किमान ३० टक्के बालके तीव्र कुपोषित असणे आणि दर १० हजार लोकांमागे दररोज दोन जण भूक वा कुपोषण आणि आजार यांमुळे मरणे. निकष इतके कडक असल्याने ही घोषणा क्वचित होते. सोमालिया २०११, दक्षिण सुदान २०१७ आणि २०२०, सुदानमधील झमझम निर्वासित छावणी ऑगस्ट २०२४, गाझा ऑगस्ट २०२५. सुदानच्या अल फाशर आणि कादुगली या शहरांचे नाव नोव्हेंबर २०२५ मध्ये या यादीत आले. गाझात शस्त्रसंधीनंतर अन्नाचे ट्रक आत जाऊ लागल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये तिथले दुर्भिक्ष हटल्याचे आयपीसीने सांगितले. टंचाई मात्र कायम होती.

सोमालियाचे उदाहरण इथे महत्त्वाचे आहे. २०११ च्या जुलैमध्ये तिथे घोषणा झाली. त्या संकटात सुमारे २ लाख ६० हजार लोक दगावले, त्यातील निम्मी पाच वर्षांखालील मुले होती. जवळपास निम्मे मृत्यू घोषणेच्या आधीच झाले होते. घोषणेची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो, हा धडा तिथे मिळाला. त्यामुळे २०२२ मध्ये सलग पाच हंगाम पाऊस हुकला, बायदोआ आणि बुरहाकाबा भागांत दुर्भिक्षाचा इशारा दिला गेला, तेव्हा मदत वेळेत वाढवली गेली आणि घोषणेची वेळ आली नाही. त्या वर्षीही ४३ हजार जादा मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. पण ते २०११ च्या तुलनेत खूप कमी होते. पूर्वसूचना आणि पैसा एकत्र आले, की किती जीव वाचतात, हे त्यातून दिसले.

आजवर कोणते उपाय लागू पडले?

तीन डॉलरच्या रेषेने १९९० मध्ये जगातील दर दहापैकी चार माणसे अतिगरीब होती, आज एक आहे. यात सर्वांत मोठा वाटा चीनचा. शेतीतील सुधारणा, कारखाने आणि शहरांकडे वळलेले मजूर यामुळे तिथे चार दशकांत सुमारे ८० कोटी लोक तेव्हाच्या १.९० डॉलरच्या रेषेवर आले. भारत, व्हिएतनाम, इंडोनेशिया, बांगलादेश यांचाही वाटा मोठा आहे.

फक्त अर्थव्यवस्था वाढल्याने सगळ्यांचे भागत नाही. ब्राझीलने २००३ मध्ये ‘फोमे झेरो’ आणि ‘बोल्सा फॅमिलिया’ या योजना सुरू केल्या. गरीब कुटुंबातील आईच्या हाती थेट पैसे, बदल्यात मुलांची शाळा आणि लसीकरण. २०१४ मध्ये ब्राझील एफएओच्या भूक नकाशातून बाहेर पडला. नंतर योजना ढेपाळल्या, करोना आला आणि देश पुन्हा नकाशात गेला. योजनांना पुन्हा बळ मिळाल्यावर जुलै २०२५ मध्ये तो परत बाहेर आला. गरिबी एकदा हटली की कायमची हटते असे नाही, हे यातून स्पष्ट होते.

बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेने २००२ मध्ये अतिगरीब महिलांसाठी वेगळा मार्ग काढला. गाय, शेळ्या किंवा छोट्या धंद्याचे भांडवल, काही महिने घरखर्चाला पैसे, प्रशिक्षण आणि नियमित भेटी, असे सगळे एकत्र द्यायचे. भारतासह सहा देशांतील चाचण्यांत या पद्धतीचा फायदा मदत थांबल्यानंतरही टिकून राहिल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. त्यातील संशोधक अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मायकेल क्रेमर यांच्यासोबत मिळाले. बिहारने याच धर्तीवर २०१८ मध्ये ‘सतत जीविकोपार्जन योजना’ सुरू केली.

शाळेतील जेवण हा आणखी एक उपाय. तमिळनाडूने १९८२ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर राबवला, सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये देशभरातील सरकारी शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. आज जगात सुमारे ४६ कोटी ६० लाख मुलांना शाळेत जेवण मिळते. तीव्र कुपोषित बालकांसाठी शेंगदाणे, दूध पावडर, तेल, साखर आणि जीवनसत्त्वे यांची पाकिटातील पेस्ट वापरली जाते. तिला ना शिजवावे लागते, ना पाणी घालावे लागते. त्यामुळे दवाखान्यात दाखल न करता घरीच उपचार करता येतात.

मग अडले कुठे?

पहिले कारण युद्ध. जागतिक बँकेने संघर्षग्रस्त आणि अस्थिर ठरवलेल्या ३९ देशांत ४२ कोटींहून अधिक अतिगरीब राहतात. २०३० पर्यंत जगातील जवळपास ६० टक्के अतिगरीब याच देशांत असतील. जिथे सरकार आहे, रस्ते आहेत, रेशन पोहोचवता येते, तिथली गरिबी बरीचशी हटली. उरलेली गरिबी जिथे ट्रक पोहोचू शकत नाही तिथे आहे. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून लष्कर आणि निमलष्करी दलात युद्ध सुरू आहे. अल फाशरला वेढा पडला होता तेव्हा धान्य जगात कमी नव्हते, शहरात जाण्याची वाट बंद होती.

दुसरे कारण पैसा. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, असे संयुक्त राष्ट्रांत १९७० मध्ये ठरले. २०२४ मध्ये हे प्रमाण सरासरी ०.३३ टक्के होते. नॉर्वे, लक्झेम्बर्ग, स्वीडन आणि डेन्मार्क या चारच देशांनी ०.७ चा टप्पा गाठला. २०२५ मध्ये अमेरिकेने ‘यूएसएड’ ही मदतसंस्था गुंडाळली. ब्रिटनने २०२७ पर्यंत मदत ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. त्याचा थेट फटका जागतिक अन्न कार्यक्रमाला, म्हणजे डब्ल्यूएफपीला बसला. २०२० चे शांततेचे नोबेल मिळालेल्या या संस्थेला २०२४ मध्ये ९८० कोटी डॉलर मिळाले होते. त्यात जवळपास निम्मा वाटा एकट्या अमेरिकेचा होता. २०२५ साठी संस्थेचा अंदाज ६४० कोटी डॉलरवर आला, म्हणजे सुमारे एक तृतीयांशाने कमी. पैसे कमी झाले की शिधा निम्मा करायचा की निम्म्या लोकांना वगळायचे, असा निर्णय छावणीतल्या कर्मचाऱ्यांना घ्यावा लागतो.

तिसरे कारण फारसे चर्चेत नाही. पैशांबरोबर मोजणीही थांबते. इथियोपियातील भीषण दुष्काळानंतर १९८५ मध्ये अमेरिकेने ‘फ्यूज नेट’ ही दुर्भिक्षाची पूर्वसूचना देणारी यंत्रणा उभारली होती. जानेवारी २०२५ मध्ये ती बंद पडली आणि काही महिन्यांनी अंशतः सुरू झाली. सुमारे ९० देशांत बालकांचे वजन, उंची, लसीकरण मोजणारा ‘डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे’ हा कार्यक्रमही फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवला गेला. सुदान सरकारने तर डिसेंबर २०२४ मध्ये आयपीसीच्या प्रक्रियेतूनच अंग काढून घेतले. आकडाच नसेल तर मदत मागायची कशाच्या आधारावर, हा प्रश्न उरतो.

रोजगार हमी आणि पगारपत्रकातील २०० रुपये

जागतिक मदतीची मुख्य अडचण अशी की ती ऐच्छिक आहे. डब्ल्यूएफपीचा सगळा खर्च देणग्यांवर चालतो. देणाऱ्याचे सरकार बदलले, की घेणाऱ्याचे ताट रिकामे होते. महाराष्ट्राने याला अर्ध्या शतकापूर्वी वेगळे उत्तर शोधले होते.

१९७२ च्या दुष्काळातील सुकडी आणि अमेरिकेतून आलेला लाल मिलो जुन्या पिढीला अजून आठवतो. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. खडी फोडून, पाझर तलाव खोदून लोकांनी ते दिवस काढले. पिके बुडाली, गुरे गेली, पण एवढ्या मोठ्या दुष्काळात भूकबळींची लाट आली नाही. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली आणि सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात १९६५ मध्ये करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर नेली गेली. पुढे तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि काम देता आले नाही तर बेकारी भत्ता. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याचा पाया हाच अनुभव होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी १२५ दिवसांच्या रोजगाराची तरतूद असलेला नवा कायदा संमत केला.

या योजनेचा पैसा कुठून आला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. हमी द्यायची तर दरवर्षी खात्रीचा निधी हवा. त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला आणि जमा होणाऱ्या रकमेएवढीच भर राज्य सरकारने घालायची, असे ठरले. मुंबई-पुण्यातील नोकरदाराच्या पगारपत्रकात आजही ‘प्रोफेशन टॅक्स’ नावाने दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, ते मुळात यासाठी. शहरातील पगारदाराने गावातील मजुराच्या हमीचा खर्च उचलायचा, तो दया म्हणून नव्हे तर कायद्याने.

योजनेत उणिवा होत्या. कामे अर्धवट राहिली, मजुरी उशिरा मिळाली, हजेरीपटात घोटाळे झाले. तरीही पाऊस हुकला की कोणाच्या मेहरबानीची वाट न पाहता काम मागण्याचा हक्क मजुराला मिळाला.

पुढे काय?

नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्राझीलच्या पुढाकाराने जी-२० परिषदेत ‘भूक आणि गरिबीविरोधी जागतिक आघाडी’ स्थापन झाली. रोख मदत, शालेय आहार यांसारखे लागू पडलेले उपाय इतर देशांना उभारून देणे हा तिचा उद्देश. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोहा येथे सामाजिक विकासावरील जागतिक परिषद झाली. अशी पहिली परिषद १९९५ मध्ये कोपनहेगनला झाली होती. घोषणापत्रे दोन्हीकडे निघाली. निधीची सक्ती मात्र कुठल्याच देशावर नाही.

आजच्या वेगाने २०३० मध्ये अतिगरिबी आणि भूक शून्यावर येणार नाही, हे संयुक्त राष्ट्रांचे आणि जागतिक बँकेचे अंदाजच सांगतात. उपाय माहीत नाहीत म्हणून हे घडत नाही. शाळेतले जेवण, आईच्या हातातले पैसे, शेंगदाण्याची पेस्ट, वेळेवरची पूर्वसूचना, या सगळ्यांचा उपयोग सिद्ध झाला आहे. कमतरता आहे ती युद्धातही अन्नाची वाट खुली ठेवण्याच्या राजकीय इच्छेची आणि दरवर्षी नव्याने मागावा लागणार नाही अशा निधीची. पगारपत्रकातल्या त्या कपातीसारखी तरतूद जागतिक पातळीवर अजून कोणी केलेली नाही. ती होत नाही तोवर सुदानमधील छावणीत पुढच्या महिन्यात शिधा पूर्ण मिळेल की अर्धा, हे दूरच्या राजधान्यांतील अर्थसंकल्पावरच ठरत राहील.